मागील पानावरून पुढे

जबलपूरच्या रिछाईतल्या आमच्या वर्कशॉपवर काका पहिल्यांदा आले ते पितळेचा एक बुश करून घ्यायला. करंगळीच्या नखाएवढा असेल. त्यांच्या घरातल्या जुन्या लंबकाच्या घड्याळाचं एक छिद्र झिजून मोठं झालं होतं. चाक कलायचं आणि घड्याळ थांबायचं. कागदावर पेन्सिलीनं मापं काढून आणली होती, शंभराव्या हिश्शापर्यंत. मी कागद बघितला आणि म्हटलं, "उद्या या काका, दोन मिनिटांचं काम आहे."

ते दुसऱ्या दिवशी आले. मी म्हटलं, उद्या. तिसऱ्या दिवशी लेथवर दुसरा जॉब चढलेला होता. चौथ्या दिवशी तर मी त्यांच्याकडे नीट पाहिलंसुद्धा नाही. कानाला फोन होता, हातानं थांबायची खूण केली आणि विसरून गेले. पाचव्या दिवशी ते आले आणि काहीच बोलले नाहीत. दाराजवळच्या स्टुलावर बसले, खिशातून छोटी वही काढली, मनगटावरचं एचएमटी उतरवून मांडीवर ठेवलं आणि दीड तास लिहीत राहिले.

मग ते पान फाडून त्यांनी माझ्या टेबलावर ठेवलं. दहापासून साडेअकरापर्यंत मी काय काय केलं ते त्यात मिनिटांसकट होतं. ९० मिनिटांत मी ३१ वेळा हातातलं काम सोडून दुसरं धरलं होतं. 'दोन मिनिटं' हे शब्द नऊ जणांना ऐकवले होते आणि त्यांतल्या एकालाही दोन मिनिटांत मोकळं केलं नव्हतं. एक चलन लिहायला तीनदा घेतलं, तीनदा सोडलं, आणि ते अजून अर्धंच होतं. खाली त्यांनी स्वतःचाही हिशेब मांडला होता: रांझीहून सायकलनं येणं-जाणं अर्धा तास, फेऱ्या पाच, आधीचं थांबणं ४० मिनिटं, आजचं दीड तास. एकूण ४ तास ४० मिनिटं. बुश व्हायचा आहे.

माझा चेहरा उतरला. "काका, रागावलात का?"

"रागावलो असतो तर दुसऱ्याकडे गेलो असतो, बेटा," ते म्हणाले. "तू रिकामी बसून राहिली असं नाही. कामातच आहेस. पण कोणत्या, ते तुलाच ठाऊक नाही."

बुश त्याच दिवशी झाला. मी लेथजवळ उभी राहिले, खराद्यानं रॉड लावला, बोअर केला, कापला. काकांनी तेही मोजलं. बावीस मिनिटं. मी पैसे नको म्हणत होते, त्यांनी बिल करायला लावलं आणि साठ रुपये मोजून दिले. जाताना विचारलं, "शुक्रवारी दहाला येऊ का? बुशासाठी नाही." मी हो म्हटलं. का म्हटलं ते तेव्हा कळलं नव्हतं. बहुधा त्या पानाची भीती वाटली होती, आणि ते लिहिणारा माणूस परत येणार म्हणाल्यावर धीर आला होता.

ही २०१३ ची गोष्ट. त्याच्या दोन वर्षं आधी बाबा गेले आणि शेड माझ्याकडे आली. बाबांनी १९८६ मध्ये रिछाईच्या औद्योगिक वसाहतीत जागा घेऊन दोन लेथ, एक ड्रिल आणि एक हॅकसॉ टाकली होती. पुढं मिलिंग आलं. जबलपूरच्या पोटात अशी लहान वर्कशॉपं गल्लोगल्ली आहेत, कारण या गावाची घडी कारखान्यांनी घातली आहे. गन कॅरेज फॅक्टरी १९०४ ची. खमरियाची दारूगोळ्याची फॅक्टरी दुसऱ्या महायुद्धातली. व्हेइकल फॅक्टरी १९६९ ची. लष्कराचे शक्तिमान ट्रक आणि जोंगा गाड्या इथल्याच, जोंगाच्या नावातलं पहिलं अक्षरसुद्धा जबलपूरचं. मोठ्या कारखान्यांना लागणाऱ्या पिना, बुश, स्पेसर, ब्रॅकेट असल्या किरकोळ वस्तूंवर आमच्यासारख्यांची घरं चालत आली. सकाळी भोंगा झाला की रांझी-घमापूरच्या रस्त्यांवर सायकलींचा लोंढा निघायचा, संध्याकाळी तोच उलटा. लहानपणी आम्ही घड्याळ बघत नव्हतो, भोंगा ऐकत होतो.

मी बी.कॉम. झालेली. बाबांच्या हयातीत घरी बसून हिशेबाच्या वह्या लिहायची. ड्रॉइंग वाचायला वर्कशॉपवरच शिकले, टॉलरन्स म्हणजे काय हे चुका करून शिकले. पहिली दोन वर्षं मी सकाळी साडेआठला शेडवर जायची आणि रात्री साडेनऊला परत यायची. १३ तास. याचा मला अभिमान होता. गढ्याच्या आमच्या घरात आई जेवण झाकून ठेवायची, आणि मी ताटावर बसले की पहिल्या घासाला फोन वाजायचा. एवढं करूनही २०१३ च्या पावसाळ्यात एका मोठ्या गिऱ्हाईकाची ऑर्डर पाच आठवडे उशिरा गेली. दर आठवड्याला अर्धा टक्का याप्रमाणे अडीच टक्के बिलातून कापले गेले. त्या कामात आमचा नफाच मुळी चारेक टक्के होता. उशीर का झाला? ईएन-८ पोलादाचा माल मागवायचा फोन मी नऊ दिवस केला नव्हता. आळसानं नाही. तो फोन माझ्या डोक्यात होता, कागदावर नव्हता, आणि डोक्यात त्याच्यापुढं रोज नवी माणसं येऊन उभी राहत होती.

काका गन कॅरेज फॅक्टरीत १९६५ साली लागले आणि २००३ मध्ये निवृत्त झाले. त्यांतली बरीच वर्षं रेट फिक्सिंगमध्ये. एका नगाला किती मिनिटं लागावीत हे ठरवायचं आणि त्यावर पीसवर्कची कमाई बसायची, असं ते काम. हातात शंभर भागांच्या तबकडीचं स्टॉपवॉच घेऊन मशिनीमागं उभं राहायचं. कामगारांना हा माणूस आवडत नसे, हे काकांनी मला पहिल्याच शुक्रवारी सांगितलं. "मी सेक्शनमध्ये शिरलो की मशिनी हळू व्हायच्या. कोणी बोलायचं नाही माझ्याशी. चहाच्या टपरीवरसुद्धा बाक रिकामा व्हायचा."

त्यांच्या मनात एक गोष्ट टोचत राहिली होती. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका ड्रिलच्या कामाचा वेळ त्यांनी फार आवळून बांधला होता. मोजलेला वेळ बरोबर होता, पण ज्या माणसावर मोजला तो तरणाबांड, आणि दिवस थंडीचा. त्यावर जी भर घालायची असते, थकव्याची, तहानेची, लघवीला जाण्याची, ती कमी घातली गेली. मे महिन्यात त्याच मशिनीवर एक वयस्क कामगार दिवसभर पाणी प्यायला उठत नव्हता, हे त्यांना फार उशिरा दिसलं. रेट बदलून घ्यायला त्यांना चार महिने लागले. "घड्याळ खोटं बोललं नव्हतं," ते म्हणाले, "मीच त्याला अर्धं विचारलं होतं."

पुढं मी याबद्दल वाचत गेले तेव्हा कळलं की हे भांडण जबलपूरहून जुनं आहे. अमेरिकेत फ्रेडरिक टेलरनं स्टॉपवॉच लावून कामं मोजायची पद्धत रुजवली. तिथल्या मॅसॅच्युसेट्समधल्या वॉटरटाउन आर्सेनलमध्ये, म्हणजे तोफांचे गाडेच बनवणाऱ्या सरकारी कारखान्यात, ऑगस्ट १९११ मध्ये ओतकाम करणाऱ्यांनी स्टॉपवॉचविरुद्ध काम बंद केलं. पुढं अमेरिकन संसदेनं अशा सरकारी कारखान्यांत घड्याळ लावण्यासाठी पैसा वापरायला मनाई केली, ती १९४९ पर्यंत टिकली. काकांना मी हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "त्यांनी आधी साहेबाला मोजलं असतं तर संप झाला नसता."

माझ्यावर त्यांचं जे ऋण आहे त्याचं मूळ या वाक्यात आहे. पहिल्याच शुक्रवारी मी त्यांना म्हटलं होतं की माझ्या माणसांचा वेळ मोजून द्या, कोण किती वेळ घालवतं ते मला हवंय. त्यांनी साफ नकार दिला. "आधी मालकाचं घड्याळ," ते म्हणाले. "तुझ्या माणसाला मशीन थांबली तर काय करायचं ते ठाऊक आहे. तो तुझ्याकडे येतो. तू कुठं असते?"

मग त्यांनी विचारलं, "तुला रोजमेळ लिहिता येतो ना?"

मी बी.कॉम., मला रोजमेळ येतो का! जरा दुखावलंच.

"मग रुपयांच्या जागी मिनिटं लिही. तीन आठवडे. काहीही बदलू नको, सुधारायला जाऊ नको, फक्त लिही. रात्री आठवून लिहिलेलं चालणार नाही. त्या त्या वेळी."

लाल बांधणीची एक लांबट वही आणली. दर अर्ध्या तासाला नोंद. पहिले चार दिवस मी सहज विसरायची आणि मग आठवून भरायची. काकांनी मंगळवारी वही बघितली आणि आठवून भरलेल्या ओळी एका नजरेत ओळखल्या, कारण त्यांत सगळे आकडे पाचच्या पटीत होते. खरा वेळ असा गोल येत नाही, म्हणाले. त्या ओळी त्यांनी खोडल्या नाहीत, फक्त समोर बारीक टिंब दिलं. मला कोणी रागावून जेवढं लागलं नसतं तेवढं ते टिंब लागलं. त्या दिवसापासून तीन आठवडे नव्यानं मोजायला घेतले.

तीन आठवडे, १८ दिवस, २३४ तास. बेरीज करायला बसलो तेव्हा काकांनी चार खाती पाडायला सांगितली. जे माझ्याशिवाय कोणीच करू शकत नाही: कोटेशनचा भाव काढणं, ड्रॉइंग समजून घेणं, पहिला नग तपासणं, गिऱ्हाईकाशी बोलणं. जे शिकवलं तर दुसरा करील. जे कोणीच केलं नाही तरी काही अडणार नाही. आणि चौथं खातं 'सेटिंग'. पहिल्या खात्यात निघाले ३१ तास. दुसऱ्यात ९६, तिसऱ्यात ३८, सेटिंगमध्ये ६९. म्हणजे दिवसाचे जे तेरा तास मी मरत होते, त्यांत मालकाचं काम पावणेदोन तासांचंही नव्हतं.

मला रडू आलं, हे लिहायला मी लाजत नाही. बाबांच्या जागेवर बसून मी त्यांचं काम करत नव्हते. चावी कुठंय, चलन कुठंय, टेम्पो कुठवर आला, हे सांगणारी मी एक खिडकी झाले होते. काकांनी पाणी मागवलं. समजूत घातली नाही. ३१ या आकड्याखाली त्यांनी पेन्सिलीनं दोन रेघा मारल्या, बेरजेखाली मारतात तशा.

सेटिंगबद्दल थोडं सांगायला हवं, कारण उद्योग करणाऱ्या कुणालाही ही गोष्ट कळली तर त्याचं अर्धं आयुष्य वाचेल असं मला मनापासून वाटतं. लेथवर नवा जॉब चढवायचा तर आधीचा उतरवायचा, चकचे जबडे बदलायचे, डायल लावून केंद्र जुळवायचं, टूल घासून बांधायचं, एक नग काढून मापायचा. यात ४० मिनिटं गेली असं धरा. मग प्रत्येक नग तीन मिनिटांत निघतो. पाच नग काढले तर एक नग ११ मिनिटांना पडतो. तेच पन्नास काढले तर चारहून कमी मिनिटांना. हा हिशेब आमच्या शेडमधल्या पोरालाही ठाऊक होता. काका म्हणाले, "मशिनीला सेटिंग लागते हे तू मानते. डोक्याला लागत नाही असं का समजते? तू भाव काढायला बसली, आकडे डोक्यात चढले, तेवढ्यात टेम्पोवाला आला. तो गेल्यावर तू परत पहिल्या आकड्यापासून सुरू करते. म्हणजे दर वेळी चक उतरवून परत चढवते. दिवसभर सेटिंगच करून राहिली, नग कुठंय?"

त्यावर उपाय दोन. एक म्हणजे सारखी कामं एका चढवणीत काढायची. वसुलीचे फोन गुरुवारी अकरा ते बारा, सगळे एकदम. आमच्यासारख्या लहान उद्योगांचे पैसे ४५ दिवसांत द्यायचे असा २००६ चा कायदा आहे, तरी फोन करावे लागतात. पण ते रोज थोडे थोडे केले की रोजची सकाळ कडू होते, तेवढा कडूपणा एका तासात बांधून टाकायचा. भाव काढणं सोमवारी आणि बुधवारी दोन ते चार, फोन दुसऱ्याच्या हातात. दुसरा उपाय म्हणजे सेटिंगच लहान करायची. जपानमध्ये शिगेओ शिंगो यांनी टोयोटाच्या हजार टनी प्रेसवरचा साचा बदलायचा चार तासांचा वेळ अखेर तीन मिनिटांवर आणला होता; मशीन थांबायच्या आधीच जे जे करून ठेवता येतं ते बाहेर काढायचं, एवढंच त्यातलं मर्म. काकांनी शिंगोंचं नाव ऐकलं नव्हतं. पण माझ्या टेबलावर त्यांनी तेच करून घेतलं. काम सोडून उठावंच लागलं तर उठण्याआधी एक ओळ लिहायची: 'इथवर आलं, पुढं हे.' ही ओळ लिहायला दहा सेकंद लागतात. ती असली की परत येऊन बसताना दहा मिनिटं वाचतात. आज माझ्या शेडमधल्या सगळ्या मशिनींना अशी एक पाटी टांगलेली आहे आणि मशीन सोडताना ती ओळ खडूनं लिहिली जाते.

खिळ्यांचा फळा त्यानंतर आला. प्लायवूडचा तुकडा, त्यावर तीन ओळींत खिळे. ओळींची नावं आमच्या खराद्यानं हिंदीत लिहिली: 'होना है', 'हो रहा है', 'हो गया'. प्रत्येक कामाचं एक जॉब कार्ड, आणि कार्ड खिळ्यावर. मधल्या ओळीत मशीन तितके खिळे, एक जास्त नाही. माझ्यासाठी तीन. चौथं काम घ्यायचं तर तिन्हींतलं एक आधी 'हो गया'त जायला हवं, नाहीतर खाली उतरायला हवं. टोयोटाच्या कानबानची हीच तऱ्हा, हे मला नंतर कळलं. पण मला आवडला तो खिळा. कागदाच्या यादीत कितीही ओळी मावतात, मोबाइलच्या यादीत तर अंतच नाही. खिळा संपतो.

सुरुवातीला आमचे लोक बिथरले. मालकीणबाईंनी म्हाताऱ्याला आणून आमच्यावर नजर ठेवली, असं त्यांना वाटलं. काकांनी सगळ्यांना बोलावलं आणि माझी तीन आठवड्यांची वही त्यांच्यासमोर उघडून ठेवली, ३१ या आकड्यासकट. मला विचारूनच ठेवली, पण मला नाही म्हणता आलं नाही. जुना खरादी बराच वेळ पानं उलटत होता. मग म्हणाला, "मैडम, टेम्पोवाले को तो मैं देख लूँ?" ९६ तासांच्या खात्यातला पहिला भाग असा माझ्या हातून सुटला. स्टोअरची चावी, गेट पास, टूलची मागणी, हळूहळू सगळं गेलं. चुकाही झाल्या. एकदा चुकीचा माल गेला आणि परत आला, त्याचा भुर्दंड पडला. काकांनी विचारलं, "तू असताना असं कधी झालं नव्हतं?" झालं होतं, दोनदा.

काकांच्या सगळ्या शिकवणुकीत मला सर्वांत प्रिय आहे ती दहा मिनिटं. त्यांना घड्याळांचं वेड होतं आणि त्या वेडातून त्यांनी गावाचा इतिहास गोळा केला होता. मार्च १८७० मध्ये मुंबईकडून आलेली जीआयपी रेल्वे आणि कलकत्त्याकडून आलेली ईस्ट इंडियन रेल्वे जबलपूरला जोडली गेली. दोन टोकांच्या दोन शहरांची घड्याळं वेगळी, आणि गाड्या इथं भेटायच्या. रेल्वेनं मग मद्रासची वेळ धरली. काका नकाशा उलगडून दाखवायचे: मद्रास आणि जबलपूर जवळजवळ एकाच रेखांशावर आहेत, सूर्याच्या हिशेबानं फरक जेमतेम एका मिनिटाचा. म्हणजे त्या काळी अख्ख्या हिंदुस्थानची रेल्वे जणू जबलपूरच्या सूर्यावर चालायची. जानेवारी १९०६ पासून साडेब्याऐंशी अंशाची प्रमाणवेळ आली. आपण ऐंशी अंशाच्या जरा अलीकडे. अडीच अंशांची दहा मिनिटं.

"म्हणजे सूर्य आपल्याकडे पोचायच्या दहा मिनिटं आधीच घड्याळ आपल्याला कामाला जुंपतं," ते म्हणायचे. "ती दहा मिनिटं सरकारची नाहीत, गिऱ्हाईकाची नाहीत. ती जबलपूरची. ती स्वतःसाठी ठेव."

शेड नऊला उघडते. नऊ ते नऊ दहा मी फळ्यासमोर बसते. फोन उलटा ठेवलेला. आज मधल्या ओळीत माझी कोणती तीन कार्डं, ते ठरवायचं. प्रत्येक कार्डावर पेन्सिलीनं अंदाज लिहायचा, संध्याकाळी शेजारी खरा वेळ. पहिल्या वर्षी माझ्या अंदाजाची खऱ्या वेळेशी गाठ पडेना. तासाचं काम पावणेदोन तासांत व्हायचं. काका म्हणाले, अंदाज सुधारत बसू नको, तुझा अंदाज तुझा स्वभाव आहे, त्याला पावणेदोननं गुण आणि ती तारीख गिऱ्हाईकाला सांग. तशा तारखा द्यायला लागल्यावर दोन गिऱ्हाइकं तुटली. जी राहिली त्यांना २०१४ च्या पावसाळ्यानंतर मी उशिरा माल दिलेला नाही, एक अपवाद सोडून, आणि तो टाळेबंदीतला.

आणि भर. जी त्या ड्रिलवाल्याला कमी पडली होती, ती काकांनी माझ्या दिवसात आधी घातली. दुपारचं जेवण ३० मिनिटं, वर्कशॉपपासून दूर, आणि सातला शेड बंद. "ही मेहरबानी नाही," ते म्हणायचे, "हा हिशेबाचा भाग आहे. भर न घातलेला वेळ खोटा असतो." आईबरोबर रात्रीचं जेवण मी परत जेवायला लागले. तिची शेवटची पाच वर्षं मला मिळाली ती या भरीतून. याची किंमत मी कोणत्या खात्यात लिहू?

अ‍ॅपं मी नंतर वापरली. ट्रेलोवर खिळ्यांसारख्याच ओळी करता येतात, मिनिटं मोजणारीही बरीच निघाली आहेत. ड्रॉइंग आणि ऑर्डरी आता त्यांतच असतात. नव्यानं धंद्यात आलेली मुलंमुली मला विचारतात, ताई, कोणतं घेऊ? मी सांगते, कोणतंही घ्या, पण आधी तीन आठवडे काही न बदलता लिहा, आणि माणसांचं मोजायच्या आधी स्वतःचं मोजा. पीटर ड्रकर यांनी १९६७ च्या पुस्तकात कामांच्या यादीपासून नव्हे तर वेळेच्या नोंदीपासून सुरुवात करायला सांगितलं आहे. मी ते वाचलं तेव्हा मला रांझीचा आवाज ऐकू आला. फरक इतकाच की ड्रकर स्टुलावर येऊन बसत नाहीत. काका बसत होते. मंगळवारी आणि शुक्रवारी, दहा ते बारा. पावसात रेनकोट घालून सायकलवर. बाराला उठायचे, कितीही रंगात आलेलं बोलणं असो, बाराला उठायचे.

मी तीनदा पाकीट पुढं केलं. पहिल्यांदा हसले. दुसऱ्यांदा म्हणाले, पेन्शन आहे. तिसऱ्यांदा जरा कठोर झाले: "मी अडतीस वर्षं लोकांची मिनिटं कापली, बेटा. आता कुणाला दोन परत देऊन राहिलो, तर त्याचे पैसे घेऊ?"

२०१५ च्या दिवाळीनंतर ते लेकीकडे नागपूरला गेले. गुडघे सायकलला नाही म्हणत होते. फोन व्हायचे, मंगळवारी दहाला. २०२० च्या थंडीत ते गेले. मला नागपूरला जाता आलं नाही. त्या मंगळवारी दहाला मी स्टूल पुसून ठेवलं आणि बारापर्यंत फळ्यासमोर बसून राहिले; कुणी काही विचारलं नाही.

लाल वहीत त्यांचं खातं मी तेव्हा उघडलं. जुन्या नोंदींवरून फेऱ्या मोजल्या: २०६. प्रत्येक फेरी दोन तासांची. जमा ४१२ तास. सायकलवरचा वेळ त्यांनी स्वतः कधी धरला नसता, म्हणून मीही धरला नाही. तेव्हापासून दर लक्ष्मीपूजनाला नवी वही पूजेला ठेवते आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर तीच बाकी ओढते, मागील पानावरून पुढे.

गेल्या वर्षी, दसऱ्याच्या आधी, काकांची सून रांझीहून आली. हातात चादरीत गुंडाळलेलं लंबकाचं घड्याळ. परत थांबायला लागलं होतं. मी मागची बाजू उघडली. आमचा बुश दहा वर्षांत झिजून लांबट झाला होता. मी जॉब कार्ड लिहिलं, माझ्या तीन कार्डांतलं एक खाली उतरवलं आणि हे मधल्या खिळ्यावर लावलं.

"मी उद्या येऊ का?" तिनं विचारलं.

"नको," मी म्हटलं, "बसा. बावीस मिनिटं लागतात."

ती दाराजवळच्या स्टुलावर बसली. रॉड मी स्वतः लावला. बुश बसवून लंबक हलवला तेव्हा शेडमधल्या सगळ्यांनी एकदा मशिनी थांबवल्या, टिकटिक ऐकायला. ती गेल्यावर मी लाल वही काढली आणि काकांच्या खात्यात नावेच्या बाजूला पहिली नोंद केली: २२ मिनिटं. बाकी ४११ तास ३८ मिनिटं.